विहीर आटली त्या सालच्या पावत्या

दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, लोखंडी ट्रंक उघडली की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो, आणि मग त्याच्या खालून, जरा उशिरा, दुसरा एक वास वर येतो. गोडसर, थोडा आंबट. डिंकाचा. परवा मी त्या ट्रंकेत माझा जुना विम्याचा कागद शोधत होते आणि हाताला लागला रशीदी तिकिटांचा एक तुकडा. पावतीवर लावून त्यावर सही करायची ती छोटी तिकिटं. कुठल्याशा पावसाळ्यात ओल धरून एकमेकांना घट्ट चिकटलेली. सुटी करायला गेले तर फाटू लागली. मी ती तशीच नाकाशी धरली आणि इतक्या वर्षांनी जिभेच्या टोकावर ती चव आली.

बाहेरच्या खोलीत माझी भाची पल्लवी लॅपटॉप उघडून बसली होती. यंदा मी शाळेतून निवृत्त झाले. शेवटच्या पगाराच्या वर्षाचं आयकराचं विवरणपत्र भरायचं राहिलं होतं, आणि ते भरून द्यायला ती मुद्दाम नांदेडला आली होती. बाहेरूनच तिनं हाक मारली, "मावशी, घरभाडं वर्षाचं किती टाकू?"

"पावत्या लागत नाहीत का गं?"

"पावत्या कोण बघतंय आता? आकडा टाकला की झालं."

मी हातात ती तिकिटं घेऊन ट्रंकेपाशीच बसून राहिले. माझ्या डोळ्यांपुढं लातूरचं एक अंगण आलं. कडेला कडुनिंब, मधे विहीर, विहिरीच्या काठावर दोरीनं पडलेले खोल चरे. आणि बाजेवर बसून, जीभ दातांत धरून, उजवीकडून डावीकडं सावकाश सही करणारी आमची घरमालकीण खालाम्मा.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा दादांची बदली नांदेडहून तिकडं झाली. ते हिशेबाच्या शाखेत होते. नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती आणि दादांनी आपण होऊन नाव दिलं. "नव्या ठिकाणी सगळेच नवे असतात," असं ते मायला म्हणाले होते. आमचं मूळ गाव इस्लापूरकडं. तिथं आमच्या घराला कुठल्या दिशेला जागा होती आणि कुठल्या आडाला आमची घागर चालत नव्हती, हे दादा कधी सांगत नसत. पण नवं म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा.

त्या वेळच्या लातूरला ओल्या रंगाचा वास होता. जिकडंतिकडं पाट्या रंगवणं चाललेलं. जुन्या इमारतींवर नव्या कचेऱ्यांची नावं चढत होती. टेबलं-खुर्च्या भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रक रस्त्यात आडवे उभे असायचे. बाहेरगावचे कारकून हातात पिशवी घेऊन गल्लोगल्ली खोली विचारत फिरायचे. दादाही फिरले. मी त्यांच्या बोटाला धरून असायची. दार उघडायचं, आतून कुणी तरी म्हणायचं, "हाय की खोली. या, बघा." खोली बघून व्हायची, भाडं ठरायचं, आणि मग जाता जाता सहज विचारल्यासारखा प्रश्न यायचा. "आडनाव काय म्हणलात?" दादा सांगायचे. समोरचा माणूस जरा वेळ उंबऱ्याकडं बघायचा. "तसं एकाला शब्द दिलाय म्हणा. बघतो, कळवतो."

किती दारांवर ते ऐकलं ते आठवत नाही. दादा प्रत्येक वेळी "बरं" म्हणायचे आणि माझा हात जरा जास्तच घट्ट धरायचे.

खालाम्मानं आडनाव विचारलं नाही. तिनं विचारलं, "लेकरं किती?"

"तीन."

"मग पानी लई लागंल. विहिरीला हाय पानी, भरपूर हाय. रस्सी तुमची, बादली तुमची. मंजूर?"

दादा हसले. लातुरात आल्यापासून त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

खालाम्मा विधवा होती, मूलबाळ नव्हतं. नवऱ्यानं मागं दोन खोल्यांचं घर ठेवलं होतं. एका खोलीत ती, एकीत आम्ही. ती शेवया करून विकायची. अंगणात खाटेवर पांढऱ्या चादरीवर शेवया वाळत घातलेल्या असायच्या आणि दुपारभर मैद्याचा ओलसर वास दरवळायचा. तिच्या दोन शेळ्या होत्या. ती त्यांच्याशी उर्दूत भांडायची आणि आमच्याशी मराठीत बोलायची, म्हणजे तिला जी मराठी वाटायची त्या भाषेत. मायशी तिचं लवकरच जमलं. दोघी विहिरीवर एकदम जायच्या. एकीनं ओढायचं, दुसरीनं ओतायचं. रहाटाचा कुईं कुईं आवाज आणि त्यातून मायचं हसणं, हीच माझी त्या घरातली सकाळ.

आम्ही आलो त्याच्या पुढच्या वर्षी महागाईभत्त्याची थकबाकी मिळाली आणि दादांना पहिल्यांदा आयकर लागू झाला. कचेरीतले लोक कुरकुरले. दादा मात्र पेढे घेऊन आले. मायला कळेना. "कर बसला म्हणून पेढे? लोक रडतात."

"आपल्या घराण्यात आजवर कुणी भरला होता का?" दादा म्हणाले. "आता सरकार आपल्याला नावानं विचारतंय, वर्षभर किती कमावलं म्हणून."

पेढा तोंडात धरून मी ते ऐकलं. मला त्याचा अर्थ कळला नाही, पण दादा एकदम उंच झाल्यासारखे वाटले.

तेव्हापासून आमच्या घरात वर्षाला एक सणच वाढला. मार्च लागला की भाड्याच्या पावत्या करायच्या, कारण भाडं भरल्याचा पुरावा दिला की तेवढा कर कमी लागायचा. आणि जूनमध्ये विवरणपत्र. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की दादा सतरंजी अंथरायचे. विम्याच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, पगाराचा तक्ता, सगळं ओळीनं मांडायचे आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येकावर एक एक वजन ठेवायचे. कुणावर तांब्या, कुणावर अडकित्ता, कुणावर भावाचा लाकडी भोवरा. शाईचा वास, कार्बन कागदाचा वास, आणि आतून मायच्या फोडणीचा. मध्येच कुणी चालत गेलं की दादा ओरडायचे, "हळू! आयकर उडंल!" आणि आम्ही भावंडं हसून लोळायचो.

तिकिटं लावायचं काम माझं. जिभेवर ओली करायची आणि पावतीच्या खालच्या कोपऱ्यात दाबायची. मग खालाम्मा यायची. हात पुसून, डोक्यावरचा पदर सारखा करून, कुणाच्या लग्नाला आल्यासारखी. तिला तेवढी सही येत होती, लहानपणी कुरआन शिकवणाऱ्या उस्तादांनी शिकवलेली. तिकिटावरून आरपार, उजवीकडून डावीकडं. मी तिच्या हाताकडं बघत राहायची. आमची अक्षरं ज्या दिशेनं पळतात त्याच्या उलट दिशेनं तिची अक्षरं सावकाश घरी परतत असल्यासारखी वाटायची. सही झाली की ती फुंकर घालायची आणि म्हणायची, "लेव साहब. सरकार कू बोलो, खालाम्मा का सलाम."

पाऊस दगा देणार हे मोठ्यांना आधीच कळलं असावं. मला कळलं ते रहाटाच्या आवाजावरून. दोरी खाली जायला जास्त वेळ लागू लागला. मग एक गाठ मारून दुसरी दोरी जोडली. मग बादली वर यायची ती गढूळ आणि निम्मी. दिवाळीनंतर एके सकाळी मायनं बादली सोडली आणि खालून पाण्याचा आवाज आलाच नाही. पत्र्याचा दगडावर आपटल्याचा आवाज आला. माय आणि खालाम्मा दोघी काठावर वाकून उभ्या राहिल्या. खालाम्मानं खाली तोंड करून हाक मारली, "अगे!" आणि विहिरीनं तिला तिचाच आवाज परत दिला.

त्यानंतर टँकर. गल्लीच्या तोंडाशी घागरींची रांग, घागरींच्या जागी ठेवलेले दगड, बायकांची भांडणं. धुळीनं सगळं शहर भुरकट झालं होतं. नव्या पाट्यांवरचा रंगसुद्धा दिसेना. शेळ्यांना चारा मिळेना म्हणून खालाम्मानं त्या विकल्या. शेवयांची मागणी बंद झाली. त्या साली कुणाच्या घरी शेवया होणार होत्या? खाट अंगणात उभी करून ठेवली गेली.

महिना झाला तसे दादा भाडं घेऊन तिच्याकडं गेले. तिनं हातच पुढं केला नाही.

"नक्को."

"नको म्हणजे? महिना झाला खालाम्मा."

"खोली दिली तवा पानी हाय म्हणून सांगितलं होतं ना मी? आता पानी कुठं हाय? पानी नाही तर भाडं कायकू घेऊ? हराम होतंय ते."

"अहो, खोलीत तर राहतोच की आम्ही."

"पानी आनेदो, मग द्या."

दादांनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. माय पदराखाली पैसे घेऊन गेली, तिलाही तिनं चहा पाजून परत पाठवलं. मग माय रोज दोन भाकरी जास्त थापू लागली. "आज पीठ जास्तीचं भिजलं," असं सांगून त्या मी पोचवायची. खालाम्मा घ्यायची आणि ताटलीत काहीतरी ठेवून परत करायची. गुळाचा खडा. कडुनिंबाच्या चार काड्या. नुसती ताटली तिनं कधी पाठवली नाही.

आणि मार्च आला.

सतरंजी अंथरली. कागदांवर वजनं बसली. दादांनी दिवाळीपर्यंतच्या पावत्या लिहिल्या आणि पेन थांबवलं.

माय दारात उभी होती. "थांबलात का?"

"पुढचं भाडं दिलंच नाही ना आपण."

"दिलं नाही का? घेतलं नाही त्यांनी. तुम्ही तर नेऊन देत होता." मग जरा हळू म्हणाली, "बाराच लिहा. पोरांच्या शाळा हायत. पाण्याला लई पैसा जाऊन राहिला. कुणाचं काय जातंय?"

तेवढ्यात खालाम्मा आली, नेहमीसारखी पदर सारखा करून. काय चाललंय ते तिला कळलं आणि ती मोठ्यानं हसली. "लिखो ना साहब बारा! मैं सही करती. मी भाडं माफ केलं, आता सरकारनं थोडं माफ करावं. कायकू सोचते?"

दादांनी लिहिलं. मी तिकिटं ओली करून लावली, उरलेल्या सगळ्या पावत्यांना. मला मजा वाटत होती. दुष्काळात तोंडाला गोड चव तशी कमीच येत होती.

कर कमी बसला. वाचलेल्या पैशातून माझ्यासाठी शाळेचे काळे बूट आले. त्यांचा नव्या चामड्याचा वास मला इतका आवडायचा की मी झोपताना ते उशाशी घ्यायची. ते मला आजही आठवतात, आणि ते आठवले की पाय आखडून घ्यावेसे वाटतात.

खालाम्माची चूल एकवेळेवर आली तेव्हा दादांनीच तिला निराधार विधवांना मिळणाऱ्या मासिक पगाराबद्दल सांगितलं. अर्ज दादांनीच लिहिला, आपल्या वळणदार अक्षरात. तिनं त्यावर तीच आपली सावकाश सही केली. अर्ज गेला आणि खालाम्मा स्वप्नं बघू लागली. पहिला पगार आला की शेळी घेणार. शेळीचं नावसुद्धा तिनं ठरवून टाकलं होतं, शहजादी. तलाठी घरी चौकशीला येऊन गेला, असं मी शाळेतून आल्यावर कळलं. कडुनिंबाखाली खाटेवर बसला होता म्हणे, चहा पिऊन गेला.

मग एका संध्याकाळी दादा कचेरीतून आले आणि चपला न काढताच घरात येऊन बसले. आमच्या घरात असं कधी होत नसे. मायनं पाणी दिलं. त्यांनी ते खाली ठेवलं.

"खालाम्माचा अर्ज नामंजूर झाला."

"का?"

"तिला भाड्याचं उत्पन्न आहे म्हणून." मग ते सगळं बोलले, तुटक तुटक. अर्जांचं काम बघणारा कारकून त्यांच्या टेबलाशी आला होता. त्यानं विचारलं, ही तुमचीच घरमालकीण ना? भाडं तर बारा महिने येतं तिला. तुम्हीच देता ना? आजूबाजूला चार माणसं होती.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मायनं विचारलं.

"हो म्हणालो."

माय भिंतीला टेकून खाली बसली. "सांगून टाकायचं होतं."

"काय सांगू? पावत्या खोट्या आहेत? त्याच कचेरीत दिल्यात मी त्या. चौकशी लागली असती. नोकरीवर आलं असतं."

"मीच म्हणाले होते बारा लिहा म्हणून," माय म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून रडू लागली. मी कोपऱ्यात अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते. ते पान अजून माझ्यासमोर आहे, पण त्यावर काय होतं ते मी तेव्हाही वाचलं नव्हतं.

खालाम्माला दादांनी एवढंच सांगितलं की अर्ज नामंजूर झाला. ती म्हणाली, "जाऊ द्या. नसीब." आणि शेळीचा विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतर आमच्या घरातल्या रविवारचा आवाज बदलला. आम्ही सगळे ओळीत बसून पंचशील म्हणायचो. दादांचा आवाज मोठा, त्यामागं आमचे. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं आलं की दादांचा आवाज खाली जायचा, इतका की फक्त ओठ हलताना दिसायचे, आणि ती ओळ आम्हा पोरांच्याच आवाजात पार पडायची. पाचव्याला ते परत यायचे. आम्ही कधी विचारलं नाही. पोरांनाही काही गोष्टी न विचारण्यासारख्या आहेत हे कळतं.

पाऊस आला, विहिरीला पाणी आलं, पण तोवर खालाम्मा थकली होती. उदगीरहून तिचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. घर विकायचं ठरलं, आम्ही दुसरी खोली बघितली. जाताना तिनं मायला शेवयांचं यंत्र दिलं. मायनं ते घेतलं, पण त्यावर कधी शेवया केल्या नाहीत.

मी कॉलेजला गेले तेव्हाची गोष्ट. एक दिवस दादा म्हणाले, "उदगीरला येतेस का माझ्याबरोबर?" कशाला ते मी विचारलं नाही. आम्ही रेल्वेनं गेलो. डब्यात धान्याची पोती, पोत्यांवर बसलेली माणसं, बाहेर तुरीची हिरवीगार रानं. दादा सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते.

खालाम्मा भावाच्या घरी, किल्ल्यामागच्या गल्लीत राहत होती. ओसरीवर सूप घेऊन तुरीच्या डाळीतले खडे वेचत बसलेली. आडतीवरून डाळ यायची आणि ती निवडून द्यायची. आम्हाला बघून तिनं आधी मला ओळखलं. "अगे, तिकिटवाली!" मग दादांना. तिनं उठायचा प्रयत्न केला, दादांनी तिला बसवलं आणि तेही तिच्यासमोर फरशीवर बसले. चहा आला. दादांनी तो हातात धरून ठेवला.

"खालाम्मा, तुमचा तो निराधारचा पगार माझ्यामुळं गेला."

"कौनसा पगार?" तिची बोटं डाळीत फिरत होती. "हां. वो."

"मला कचेरीत विचारलं होतं, भाडं देता का म्हणून. मी हो म्हणालो. खरं सांगायला पाहिजे होतं. धीर झाला नाही माझा."

खालाम्मानं एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुमना बाद में पूछे. पहले मेरेकू पूछे."

दादांनी वर बघितलं.

"वो तलाठी आया था ना घर कू. बोल्या, बाई, भाडेकरू भाडं देतो का? मी म्हणलं, देतात. किती महिने दिलं? मी म्हणलं, बाराच्या बारा. एक महिना नागा नहीं." ती हसली. "वो लिख रहा था और मेरेकू अंदर से हँसी आ री थी. इत्ता भाडं आया आणि डब्यात पीठ न्हाई."

"पण का, खालाम्मा? तुम्ही का असं सांगितलंत?"

"का म्हंजे? कागदावर सही माझीच ना? मी दुसरं बोलले असते तर तुमची नोकरी गेली असती." तिनं सूप थोडं हलवलं. "तीन लेकरं घेऊन कुठं गेला असता साहब? लातुरात तुमना खोली कौन देता?"

म्हणजे तिला ते माहीत होतं. कुठली दारं आम्हाला बंद झाली होती, ते पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं.

दादांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी तिच्या पुढ्यातलं डाळीचं सूप थोडं आपल्याकडं ओढलं आणि खडे वेचायला लागले. मीही सरकून बसले. आम्ही तिघं गाडीची वेळ होईपर्यंत डाळ निवडत होतो. गल्लीतून कुणी कानडीत काहीतरी विचारत गेलं, खालाम्मानं कानडीतच उत्तर दिलं. डाळीचा कोरडा, पिठूळ वास बोटांना बराच वेळ राहिला.

लातूरला परतल्यावर दादांनी साहेबांकडं लेखी निवेदन दिलं. त्या सालच्या इतक्या पावत्या खऱ्या नव्हत्या, दोष माझा एकट्याचा आहे. मायचं नाव त्यात नव्हतं, खालाम्माचंही नव्हतं. साहेब म्हणाले म्हणे, "तक्रार कुणी केलीय का? मग कशाला जुनं उकरून काढताय?" पण लेखी आलेलं कागदावर चढलंच. जादा वाचलेला कर दंडासह भरावा लागला, एक वेतनवाढ थांबली. कचेरीत काही दिवस लोक दादांकडं वेगळ्या नजरेनं बघत राहिले.

खालाम्माला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. तिला उदगीरला तो पगार पुढं लागला, पण तो दादांच्या निवेदनामुळं नाही. तिचं घरच राहिलं नव्हतं, आता ती खरोखर निराधार होती. वर्ष-दोन वर्षं तिनं तो घेतला असेल. ती गेल्याचं आम्हाला मातीनंतर कळलं.

मी ज्या पगारावर शिकले, तो खालाम्मानं वाचवलेला पगार होता. माझी पदवी, माझी शाळेतली नोकरी, हे नांदेडचं घर, सगळं त्या बाईनं तलाठ्याला सांगितलेल्या एका खोट्यावर उभं आहे. हे मी वर्गात मुलांना "खरं बोलावं" असा धडा शिकवताना कितीदा मनात आणलं असेल, आणि प्रत्येक वेळी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले असेन.

"मावशी? भाडं?" पल्लवीनं पुन्हा विचारलं.

"टाकू नकोस."

"अगं, पण तू खरंच भाड्यानं राहत होतीस की शेवटच्या बदलीनंतर तिकडं शाळेच्या गावी. तुझा हक्क आहे तो. उगीच कर जास्त जाईल."

"जाऊ दे."

दादांनीही त्यानंतर कधी भाड्याची सवलत घेतली नाही. निवृत्त होईपर्यंत आम्ही भाड्याच्याच घरात राहिलो, दर महिन्याला भाडं वेळेवर दिलं, पावत्या घेतल्या, आणि त्या विवरणपत्राला कधी जोडल्या नाहीत. मायनं कधी विषय काढला नाही. मी तरी पल्लवीला काय सांगणार होते? तिनं खांदे उडवले आणि तो रकाना रिकामा ठेवून पुढं गेली.

निवृत्तीनंतर दादा नांदेडला माझ्याकडं आले. निवृत्तिवेतन थोडं, करात बसण्याइतकंही नाही. तरी दरसाल जुलैत ते विवरणपत्र भरायचे, आणि मी त्यांना रिक्षातून आयकर कचेरीत घेऊन जायची. एकदा खिडकीतल्या कारकुनानं कागद उलटसुलट करून पाहिले. तरुण होता, बोलायला मऊ होता.

"काका, तुमचं उत्पन्न करात बसतच न्हाई. कशाला येता उन्हातान्हाचं?"

"असू द्या. घ्या."

"पण यात कर काहीच न्हाई हो. सगळी शून्यंच हायत."

"वाचून बघा एकदा," दादा म्हणाले. "काही चुकलं असेल तर सांगा."

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं खरंच पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मागं रांग खोळंबली होती. दादा खिडकीच्या गजाला धरून त्याच्या बोटाकडं बघत होते.

"सगळं बरोबर हाय काका."

"बरोबर आहे?"

"हाव. एकदम बरोबर."

त्यानं शिक्का मारून पोचपावती बाहेर सरकवली. दादांनी ती घडी केली नाही. ते रांगेतून बाजूला झाले आणि शिक्क्याची शाई वाळेपर्यंत ती दोन्ही हातांत धरून भिंतीशी उभे राहिले.